आडनावाविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

मुलांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केल्यापासून एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जगातील प्रत्येक सुसंस्कृत समाजात माणूस आडनावाने ओळखला जातो, आडनाव हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषापासून अखंड चालत आलेले असते, लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे आडनाव लावणे ही सर्व संस्कृतींची रीत आहे आणि कायद्यालाही तेच मान्य आहे, नावात आईला जागा देणे हे मात्र पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले खूळ आहे. मजकूर ठसक्यात लिहिलेला असल्यामुळे वाचणाऱ्याला तो पटतो आणि पुढे पाठवला जातो. त्यातील चारही विधाने क्रमाने तपासू.

पहिले विधान, प्रत्येक सुसंस्कृत समाजात आडनाव असते, हे खोडून काढायला आइसलँड एकटा पुरेसा आहे. तेथे बहुसंख्य लोकांना आडनाव नसते. वडिलांच्या, आणि अलीकडे अनेकदा आईच्या, नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ जोडले की नाव पूर्ण होते. त्यामुळे एकाच घरात नवरा, बायको, मुलगा आणि मुलगी अशा चौघांच्या नावांचे शेवट चार प्रकारचे असू शकतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर या फिन्बोगी यांच्या कन्या. देशभर त्यांचा उल्लेख ‘विग्दिस’ असाच होई, कारण तेथे पंतप्रधानांनाही पहिल्याच नावाने संबोधतात आणि टेलिफोनच्या यादीतही लोक पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेले असतात. नवी घराणेवाचक नावे घेण्यास तर १९२५ च्या कायद्याने बंदीच घातली. साक्षरता, आरोग्य, राज्यकारभार यांपैकी कशातही हा देश मागासलेला असल्याचे ऐकिवात नाही.

ब्रह्मदेशात परंपरेने आडनाव नाहीच. १९६१ पासून दहा वर्षे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस राहिलेले ऊ थांट यांचे नाव केवळ ‘थांट’ होते. ‘ऊ’ ही आपल्या ‘राव’सारखी आदराची जोड. जावा बेटावर एकेरी नाव इतके रुळलेले होते की इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एकाच शब्दावर आयुष्यभर वावरले. इथिओपियात माणसाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते आणि ते आडनाव म्हणून पुढच्या पिढीकडे जात नाही. इतके दूर जायचे नसेल तर तमिळनाडूकडे पाहावे. विश्वनाथन आनंद या नावात ‘विश्वनाथन’ हे वडिलांचे नाव असून ‘आनंद’ हे बुद्धिबळपटूचे स्वतःचे आहे. आडनाव म्हणून आपण जे शोधू पाहतो ते तेथे नाहीच. शिवाय तमिळ समाजात नावामागे जात लावणे मोठ्या प्रमाणावर बंद झाले ते विसाव्या शतकातील स्वाभिमान चळवळीमुळे, म्हणजे ठरवून आणि विचारपूर्वक. आडनाव नसणे हा मागासलेपणा नव्हे, काही ठिकाणी तर तो एका सामाजिक भूमिकेचा भाग आहे.

या विधानात तथ्याचा एक कण आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही: आडनाव नसलेल्या माणसाचे जगातल्या अर्जांपुढे हाल होतात. संगणकातील रकाना आडनाव मागतो, ते नसले की पुढचे पान उघडत नाही. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी पारपत्रावर एकाच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा अनेक भारतीयांची पंचाईत झाली होती. पण हा दोष रकान्याचा आहे. ज्या समाजातून तो रकाना आला त्या समाजाची पद्धत सर्वांची असेल असे तो आखणाऱ्याने गृहीत धरले, आणि आपला संदेशकर्ताही तेच गृहीत धरतो.

दुसरे विधान आडनावाच्या प्राचीनतेचे. ते चीनच्या बाबतीत खरे आहे. तेथील घराण्यांची नावे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. इतर अनेक ठिकाणी मात्र आडनावाची जन्मतारीख सांगता येते, आणि ती बहुधा सरकारी आदेशाची तारीख असते. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या १८११ च्या फर्मानाने, जपानमध्ये १८७५ च्या सक्तीने, थायलंडमध्ये राजा वजिरावुध याच्या १९१३ च्या कायद्याने आणि तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने सर्वसामान्य माणसाला आडनाव घेणे भाग पडले. तुर्कस्तानात लोकांना त्यासाठी मुदत दिली गेली; हुद्द्याची, टोळीची किंवा परकी वाटणारी नावे निषिद्ध ठरली; खुद्द मुस्तफा कमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव संसदेने त्याच वर्षी बहाल केले. करवसुली, सैन्यभरती, जमिनीची नोंद अशा कामांसाठी सरकारला माणूस नेमका सापडायला हवा होता आणि तेवढ्यासाठी त्याला दुसरे नाव हवे होते. थायलंडमध्ये तर कायद्याला शंभर वर्षे उलटूनही व्यवहारात माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो.

महाराष्ट्राकडे वळले की हे विधान अधिकच डळमळते. आडनावे इंग्रजांनी दिली असे सांगणारा याच्या उलट टोकाचा एक मजकूरही फिरत असतो. तोही चूक आहे, कारण भोसले, शिंदे, जाधव, मोरे ही नावे इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहेत. तथापि आडनाव असणे वेगळे आणि माणसाची ओळख त्यावरून होणे वेगळे. शिवाजी महाराजांची मुद्रा पाहा: ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’. शहाजींचा पुत्र शिव, एवढीच ओळख तीत कोरलेली आहे. ‘भोसले’ हा शब्द तीत नाही. जुन्या महजरांत आणि मोडी कागदांत पाटलांची, कुणब्यांची नावे येतात ती ‘अमका बिन तमका’ अशी, स्त्रियांची येतात ती ‘अमकी कोम तमका’ अशी. म्हणजे पोरगा कोणाचा आणि बायको कोणाची हे सांगणारे शब्द आपण अरबी-फारसी दफ्तरातून घेतले आणि ते इतके आपलेसे केले की पुढे जमिनीच्या उताऱ्यांतही ते दिसत राहिले. १८८० च्या दशकात गाजलेला, लहानपणी लावलेल्या लग्नाविरुद्ध रखमाबाईंनी लढवलेला खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या नोंदीत ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ असा आहे. नवऱ्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव आहे, बाईंचे नुसतेच नाव आहे, आडनाव दोघांनाही नाही.

अखंडतेचे काय? पेशवे मुळात श्रीवर्धनचे भट. पद वंशपरंपरागत झाले आणि पदाचे नाव घराण्याला चिकटले. नाना फडणवीसांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू. वेळासच्या भानूंपैकी एका शाखेला फडावरील नोकरीने नवे आडनाव दिले. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, चौगुले, पोतनीस ही सारी हुद्द्यांची नावे असल्यामुळे एका कुलकर्ण्याचे दुसऱ्या कुलकर्ण्याशी रक्ताचे नाते असेलच असे नाही, आणि हे लग्ने जुळवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला पक्के ठाऊक असते. गावावरून पडलेली ‘कर’कारान्त नावे तर गाव सुटल्यावरच पडतात, गावातच राहणाऱ्याला गावकरी गावाच्या नावाने हाक मारत नाहीत. दीनानाथांनी मंगेशी गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव लावले, त्यांच्या वडिलांचे ते नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुळ सकपाळ, मूळ गाव आंबडवे. शाळेच्या दप्तरात नाव लागले आंबडवेकर आणि पुढे झाले आंबेडकर. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे, त्यामुळे आजच्या फर्नांडिस, परेरा वा डिसोझा यांचा मूळ पुरुष लिस्बनमध्ये शोधणे व्यर्थ आहे.

तिसऱ्या विधानावर संदेशाचा सगळा भर आहे: लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावणे ही सर्व संस्कृतींची रीत आहे आणि कायद्याचाही तोच दंडक आहे. गंमत अशी की आडनाव जेथे सर्वांत जुने आहे त्या चीनमध्येच विवाहित स्त्री आपले आडनाव बदलत नाही. कोरियात आणि व्हिएतनाममध्येही बदलत नाही. मात्र यावरून तेथे पूर्वापार स्त्रीस्वातंत्र्य नांदत होते असा निष्कर्ष काढण्याचा उत्साह आवरावा. त्या वंशव्यवस्थेत सून ही दुसऱ्या रक्ताची मानली जाई, म्हणून तिचे नाव तिच्या माहेरचेच राही. मुलांना आडनाव बापाचेच मिळे. नाव न बदलणे हे दर वेळी हक्काचे लक्षण नसते, जसे नाव बदलणे हे दर वेळी प्रेमाचे नसते.

स्पेनची रीत आणखी वेगळी. तेथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, आणि लग्नाने त्यांत काही फरक पडत नाही. चित्रकार पाब्लो रुईस पिकासो यांच्या वडिलांचे आडनाव रुईस, आईचे पिकासो; जगाने त्यांना ओळखले ते आईच्या आडनावाने. नातवंडांपर्यंत पोहोचताना आईकडचे नाव बहुधा गळते, हा या पद्धतीतला दोष आहेच. १९९९ पासून तेथील कायद्याने क्रम बदलण्याची मुभा दिली आहे. पोर्तुगीज पद्धतीत क्रम उलटा, आधी आईकडचे आणि शेवटी वडिलांकडचे.

कायद्याची बाब याहून स्पष्ट आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून आणि ग्रीसमध्ये १९८३ च्या सुधारणेपासून स्त्रीने विवाहानंतरही जन्मनाव कायम ठेवावे असा कायदा आहे; तेथे नवऱ्याचे आडनाव अधिकृत कागदांवर आपोआप लावता येत नाही. फ्रान्समध्ये जन्मदाखल्यावरचे नाव हेच कायदेशीर नाव, हा नियम १७९४ चा; नवऱ्याचे नाव तेथे वापरता येते, पण त्याने मूळ नाव पुसले जात नाही. इंग्लंडमध्ये नाव बदलण्याची रीत रुजली ती विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होते या जुन्या तत्त्वाच्या छायेत, पण नाव बदललेच पाहिजे असा कायदा तेथेही नव्हता. सक्ती दाखवायचीच असेल तर संदेशकर्त्याने जपानचे उदाहरण द्यायला हवे होते. तेथील नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमाने पतिपत्नींना एकच आडनाव घ्यावे लागते आणि २०१५ व २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उचलून धरले. पण कायदा दोघांपैकी कोणाचेही आडनाव चालेल असे म्हणतो. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के जोडप्यांत ते नवऱ्याचे असते, हा रूढीचा भार आहे.

भारतात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात स्त्रीने नाव बदलावे असे कोठेही म्हटलेले नाही. आपली रूढी मात्र आडनावावर थांबली नाही, तिने पहिले नावही सोडले नाही. तबकात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नव्या सुनेचे नवे नाव लिहायचे, ते मोठ्याने वाचायचे आणि पेढे वाटायचे, हा विधी अजूनही अनेक घरांत होतो. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. दोन्ही यमुना लग्नाच्या मांडवात संपल्या. ही रीत सर्व संस्कृतींची तर नाहीच, सर्व भारताचीही नाही.

राहिले चौथे विधान: आईचे नाव लावणे हे पाश्चात्त्य खूळ. याला उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील प्रसिद्ध शिलालेख गौतमी बलश्रीने आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवला. त्यात ज्याच्या पराक्रमाची स्तुती आहे तो तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या या राजांनी आईची ओळख आपल्या नावापुढे मिरवली. राज्य बापाकडून मुलाकडेच जात असे, त्यामुळे सातवाहनांना मातृसत्ताक ठरवण्याची घाई नको. पण आईचे नाव परके नव्हते, एवढे तरी दगडावर लिहिलेले आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटी येणारी गुरुपरंपरा पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र अशा मातृनामांनी मोजलेली आहे. मेघालयातील खासी समाजात मुलांना कुळाचे नाव आजही आईकडून मिळते. आणि ज्या पश्चिमेला आपण हे खूळ बहाल करतो तेथील इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या वडिलांचेच नाव लिहिण्याची प्रथा होती. आयांना तीत जागा मिळाली ती मे २०२१ मध्ये.

शासनाचा निर्णय १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांपुरता आहे. त्यात नावाचा क्रम बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा आहे. वडील पुसले जाणार, घराणे बुडणार, असा जो गजर संदेशाच्या अखेरीस केलेला असतो त्याला या क्रमात काही आधार नाही: वडिलांचेही नाव जागेवर आहे, आडनावही जागेवर आहे, आणि ते आडनाव आजही बहुतेक घरांत वडिलांकडूनच येते.