सरांच्या पोराला काम देता का काम

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये आणि निकाल जूनमध्ये, म्हणजे मधल्या काळात मी ऑफिशियली बेकार. 2007 ची गोष्ट. एरवी सुट्टीत क्रिकेट तरी असतं, पण त्या वर्षी आपली टीम वेस्ट इंडीजला वर्ल्डकप खेळायला गेली आणि आधी बांगलादेशकडून मग श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत घरी पण आली, त्यामुळं टीव्हीसमोर बसायचं कारणच संपलं. मला मोबाईल पाहिजे होता. आई म्हणाली, स्वतः कमव आणि घे. आता हे वाक्य आया नुसतं बोलायचं म्हणून बोलतात, पोरानं ते मनावर घ्यावं अशी त्यांची अजिबात अपेक्षा नसते. मी घेतलं.

आमच्या साताऱ्यात कष्टाचं कौतुक हवेतच आहे. कर्मवीर अण्णांची कर्मभूमी, त्यामुळं 'कमवा आणि शिका' बालवाडीपासून कानावर. त्यात तेव्हा राष्ट्रपती होते कलाम. लढाईच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली, पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकायचे आणि छोटे कलाम ते गोळा करून वाटायला मदत करायचे, ही गोष्ट बाबा प्रत्येक बॅचला सांगायचे (बाबा हायस्कूलला गणित शिकवायचे, हे लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथंच आहे). म्हणून मी जेवताना सांगितलं की मी पेपरची लाईन धरतो.

पानावर एकदम शांतता. मग आई म्हणाली, पहाटे उठून स्टँडवर पुरवण्या भरत बसणार? कुत्री मागं लागतील. मी म्हणलं, कलामांच्या नव्हती का लागत? तर बाबा आमटी वाढून घेत म्हणाले, "कलामांचं वेगळं होतं." म्हणजे कष्ट थोर आहेत, फक्त ते एकतर राष्ट्रपतींनी करावेत नाहीतर शेजारच्यांच्या पोरानं. हे मला त्या दिवशी कळलं आणि आजही कुणी डिग्निटी ऑफ लेबर म्हणलं की मला ती आमटी दिसते.

तरी निघालो. राजवाड्यापासून मोती चौक आणि तिथनं खाली पोवई नाका, दोन्ही बाजूची दुकानं. पहिला प्रॉब्लेम माझ्या तोंडाचा. वय पंधरा, दिसायला अकरा. आदल्याच ऑक्टोबरमध्ये हॉटेल-ढाब्यात चौदाच्या आतली पोरं ठेवायला बंदी आलेली, त्यामुळं वडापाववाल्यापासून सगळ्यांनी 'आमच्याकडे बालकामगार नाहीत' असे बोर्ड नवेकोरे लावलेले. मी आत पाय ठेवला की मालक बोलायच्या आधी बोर्डकडं बोट. मग मी दहावीचं हॉल तिकीट खिशात ठेवायला लागलो, काढून दाखवायचो. त्यावरच्या फोटोत मी नऊ वर्षांचा दिसतो. एका भेळवाल्या काकांनी फोटो बघितला, मला बघितलं आणि माझ्या हातात फुकटची भेळ दिली.

दुसरा प्रॉब्लेम बाबा. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या विद्यार्थ्यांची. झेरॉक्सवाला म्हणाला कुणाचा रे तू, सांगितलं, तर उठून उभाच राहिला. "सरांचा मुलगा? अरे बस बस, ए, खुर्ची आण." मेडिकलवाल्यानं कोल्ड्रिंक मागवलं. कापडवाल्यानं माझ्यासमोर बाबांना फोन लावून तब्येत विचारली. "सरांच्या पोराच्या हातात फडकं दिलं तर पाप लागंल मला," हे मी इतक्या ठिकाणी ऐकलं की काम मागायला गेलोय का सत्कार घ्यायला हेच समजेना. खर्चही शून्य, दिवसभर पोट भरलेलं, फक्त नोकरी नाही. किराणावाले शेठ तेवढे प्रॅक्टिकल निघाले. वही उघडली, आमच्या घरची उधारी दाखवली आणि म्हणाले ये उद्यापासून, आधी हे फेडून टाक, मग पगाराचं बोलू. तिथनं मी अक्षरशः पळालो.

शेवटी काम मिळालं ते नाक्याच्या अलीकडं, आंब्याच्या स्टॉलवर. मालकाला सगळे तात्या म्हणायचे. मी नाव सांगितलं, तर तात्या उठले नाहीत. हसले. हळूहळू, पोटातनं हसले. "गणिताच्या सरांचा? दोनदा नापास केलं रं मला तुझ्या बापानं. उद्या आठला ये."

काम तसं सोपं. पेटी फोडायची, पेंढ्यातनं आंबे काढायचे, पिकलेले पुढं, कच्चे मागं, डागी वेगळ्या पाटीत. चार डझनी पेटीतला आंबा मोठा आणि सहा डझनीतला बारका, हे पण तिथंच कळलं. गिऱ्हाईक आंबा हुंगतं, दाबतं, आणि पेटीत खाली घातलेला पेपर उचलून बघतं, कारण पेपर कन्नड निघाला की देवगडचा हापूस जागीच कर्नाटकचा होतो. आणि एवढं करूनही आत साका निघाला तर निघतोच, तो बाहेरनं ब्रह्मदेवाला पण दिसत नाही. घरी नेऊन कापल्यावर ती पांढरी चिवट गाठ बघितली की तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी अर्धा आंबा पिशवीत घेऊन हजर, आणि भांडायला मालक नाही, मी पुढं.

पण खरा जाच हिशोबाचा. तात्यांकडं कॅल्क्युलेटर होता, ते तो मुद्दाम मांडीखाली ठेवून बसायचे. दीडशे रुपये डझन, बाईंना सात आंबे पाहिजेत, बोल पटकन! मी आकाशाकडं बघायचो. "सत्त्याऐंशी पन्नास," तात्या खडीसाखर चघळल्यासारखे म्हणायचे, "बापानं पाढे नाही घेतले वाटतं." रिकाम्या वेळात सतरा, एकोणीसचे पाढे. एकदा चुकलो तर पेटीवर उभं केलं, भर रस्त्यात, आणि तेवढ्यात झेरॉक्सवाला स्कूटरवरनं गेला, त्यानं मला नमस्कार केला.

मे संपत आला तसं एका संध्याकाळी मी अडीच डझनाच्या पैशात गडबड केली. तात्यांनी गल्ला बंद केला, चष्मा काढला आणि ज्या वाक्यासाठी ते बहुतेक वीस वर्षं थांबले होते ते वाक्य म्हणाले. "उद्या वडिलांना घेऊन ये."

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. तात्या स्टुलावर बसलेले, बाबा उभे. तात्यांनी सगळं सांगितलं, लक्ष नसतं, पाढे कच्चे, आकडेमोड फार वाईट, घरी जरा बसवत जा सर याला. बाबा मान खाली घालून हो हो म्हणत होते. मग दोन डझन आंबे घेतले, भाव केला नाही, हिशोब पण तात्यांनाच करू दिला. तात्यांनी तो बोटांवर केला आणि वीस रुपयांनी चुकवला. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं, मला दिसलं ना, ओठ हलले त्यांचे. काही न बोलता मागितले तेवढे पैसे दिले.