तोळ्यांपलीकडचा साज

१८४६ साली प्रिन्स अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला दिलेल्या संत्र्याच्या फुलांच्या शिरोभूषणातील हिरव्या मिन्याची चार इवली संत्री म्हणजे त्यांची तोवर झालेली चार अपत्ये, हे दागिन्यांवरील लेखात लेखकाने नेमके टिपले आहे. परंतु ‘आपल्याकडे दागिना म्हणजे निव्वळ तोळ्यांचा हिशेब’ हे त्यापुढचे विधान कोल्हापुरात राहणाऱ्याला पटणे कठीण आहे. तोळेच मोजायचे असते तर सोन्याच्या पातळ पत्र्यात लाख भरलेल्या पानड्यांचा, म्हणजे छोट्या नक्षीदार पदकांचा, कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना कोणी केला असता? मोडीला नेला की लाख वजा होऊन हातात फारसे काही उरत नाही.

माझ्या आईच्या साजातील कासवाची पानडी आजीच्या काळापासून झिजून इतकी गुळगुळीत झाली आहे की ते कासव आहे हे सांगावे लागते. गुजरी या कोल्हापूरच्या सराफ बाजारातील एका सराफाने तो मोडून नवा करण्याचा सल्ला दिला, तेव्हा आईने तो दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडून फक्त नव्याने गाठवून घेतला आणि सुनेच्या गळ्यात घातला. दशावतार, अष्टमंगल (आठ शुभचिन्हे) ही चिन्हे सर्वांच्याच साजात असतात, अल्बर्टच्या संत्र्यांसारखी ती एकाच घराची नसतात, हा फरक मात्र लेखकाने जरूर मांडावा.