कानाने वाचणाऱ्यांसाठी मुद्रितशोधन

सॅन होजेला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी बुकशेअरसाठी मुद्रितशोधन करू लागलो. २००२ साली पालो अल्टोत सुरू झालेले हे दृष्टिबाधितांचे ग्रंथालय १९९६च्या एका अमेरिकी तरतुदीवर उभे आहे. अशा वाचकांसाठी सुलभ प्रत काढण्यास त्या तरतुदीमुळे प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पुस्तक स्कॅन होते, यंत्र अक्षरे ओळखते आणि मग ओळख चुकली आहे का, हे कोणीतरी बसून पाहते. पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नाव वाक्याच्या मधोमध घुसलेले असते, ओळीअखेर तुटलेला शब्द तसाच राहिलेला असतो. डोळा या चुका पोटात घालतो. पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, त्या ठणठणीत आवाजात वाचून दाखवतो.

पुण्यातल्या मित्रांशी हा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला प्रकाशकांचा: डिजिटल प्रत दिली की ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. ही भीती खोटी नाही. मात्र अशा फिरणाऱ्या पीडीएफ बहुधा पानांची नुसती छायाचित्रे असतात आणि त्यांतून स्क्रीन रीडरला थेट एक अक्षरही मिळत नाही; म्हणजे चोरीचा लाभ डोळसांना आणि चोरीच्या भीतीचा भुर्दंड अंधांना. दुसरा आक्षेप असा की आता ऑडिओबुके आहेतच. ती जे खपते त्याचीच निघतात, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलीला त्यांत ना शब्द शोधता येतो ना एखाद्या नावाचे लेखन तपासता येते.

कायद्याबाबत मायदेश मागे नाही, आंतरराष्ट्रीय करारात तर पुढेच आहे, हे येथे राहून कबूल करताना मला गंमत वाटते. भारताने कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने ही सवलत दिली, दृष्टिबाधितांना अशा प्रती मिळाव्यात म्हणून झालेल्या २०१३च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता दिली आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. अमेरिका त्या करारात २०१९ साली आली. मराठीत अडते ते तपासणाऱ्या हातांवाचून. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घर’चे ‘धर’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. प्रकाशकाने उदार होऊन मूळ फाइल दिली, तरी ती युनिकोड या सर्वमान्य संगणकीय अक्षरपद्धतीच्या आधीच्या फाँटमध्ये असली तर कॉपी केल्यावर हाती नुसती अगम्य चिन्हे येतात.

जुन्या पुस्तकांत आणखी एक पेच असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे ‘नाहीं’, ‘कांहीं’ तसेच ठेवावे, तर अनुच्चारित अनुस्वारही यंत्र नाकात म्हणून दाखवण्याची शक्यता असते. काढावे, तर लेखकाच्या मजकुराला हात लागतो. शुद्धलेखनावर हिरिरीने भांडणारे आपण या प्रश्नाकडे फिरकत नाही. माझ्या मते छापले आहे तसेच ठेवावे, कारण डोळस वाचकाला जे पान मिळते तेच दृष्टिबाधिताला मिळाले पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा इकडेही पेढे वाटले गेले. महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एवढेच मांडणार आहे की गणेशोत्सवाच्या नाटकाला जशा तालमी होतात, तशीच आठवड्याची एक संध्याकाळ मराठी पाने तपासायला ठेवावी.