फ्लॅशने बाळाची दृष्टी जात नाही
‘जवळून फ्लॅश मारून फोटो काढला आणि बाळाची नजर गेली’ हा मेसेज पुन्हा घरच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खरा नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच पेटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासताना डॉक्टर याहून कितीतरी जास्त वेळ थेट दृष्टिपटलावर प्रकाश टाकतात, आणि त्याने बाळं आंधळी होत नाहीत. बाळ दचकतं, एवढं मात्र खरं. म्हणून क्लोज-अपला मी खिडकीचा उजेडच वापरते.

उलट फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकली, तर बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तिरप्या कोनामुळेही तसं दिसतं, पण जन्मजात मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.