आधी अपडेट, मग पायडल

नव्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, '८५ टक्के जोडणी पूर्ण'. वाचून बरं वाटलं. म्हणजे आपल्या वाट्याला फक्त पंधरा टक्के. पण पंधरा टक्के कशाचे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. सायकलचे म्हणाल तर काम खरंच किरकोळ आहे: हँडल सरळ करा, पुढचं चाक बसवा, पायडलं फिरवा. त्यानंतर जे उरतं त्याची टक्केवारी अजून कुणी काढलेली नाही.

बाइक चोवीस किलोची. ती खोक्यातून दोघांनी उचलून काढावी असं चित्र बाहेर होतं, आणि चित्रातले दोघंही हसत होते. आमच्याकडे उचलणारे दोघं म्हणजे मी आणि सौ. हसत कोणीच नव्हतं. "अहो, हिला मोटर आहे ना? मग हिला स्वतःहून बाहेर येता येत नाही का?" हा प्रश्न तेव्हा वेडगळ वाटला. पुढे मॅन्युअलात कळलं की बाइकला 'वॉक' नावाचा मोड असतो आणि त्यात ती माणसाच्या चालीने स्वतःला ढकलते. फक्त त्याआधी ती चार्ज झालेली, जोडलेली आणि अपडेट झालेली असावी लागते.

जोडणीसाठी टॉर्क रेंच लागतं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा पाना. बोल्ट आवळायच्या दोनच पद्धती मला आजवर माहीत होत्या: 'बास झालं' आणि 'अजून थोडं'. इथे मात्र हँडल धरणाऱ्या बोल्टशेजारी बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, ५ न्यूटन-मीटर. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला अर्धा किलोचं वजन टांगलं तर जेवढा जोर येईल तेवढाच. टक्क आवाज आला की हात काढायचा. आणि मोटरचा जोर किती? ८५ न्यूटन-मीटर! डोंगर चढवणाऱ्या यंत्राला पंच्याऐंशी, आणि माझे दात ज्याच्या भरवशावर शाबूत राहायचे त्या बोल्टला पाच. इंजिनिअर लोकांनी विचार करूनच ठरवलं असणार, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हा हिशेब आठवतो.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या आयुष्यातला एक तास तिथे जातो, आणि ज्याला ठाऊक आहे तो तेवढाच वेळ बघ्यांना कारण समजावण्यात घालवतो. आटे सुलटे असते तर पायांच्या दाबाने ते पायडल चालता चालता आपणच सैल झालं असतं. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूने सायकलच्या तोंडाकडे फिरवला की दोन्ही पायडलं आवळतात. मला हे सांगायला फार आवडतं. घरात ऐकायला आता कोणी उरलेलं नाही.

सस्पेन्शन हा त्यापुढचा अध्याय. आपण बसल्यावर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के खाणारा चिमटा, थोडा दबला पाहिजे, पण किती, ते ठरलेलं. जास्तीत जास्त १५० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला २० टक्के धरले तर ३० मिलिमीटर. तेही नुसतं बसून नाही. हेल्मेट, बूट, पाठीवर भरलेली बॅग, पाण्याची बाटली, असा सगळा सरंजाम अंगावर चढवून बसायचं. फोर्कच्या पायावर वजन आणि हवेचा दाब यांचा तक्ता चिकटवलेला असतो. मुलीने विचारलं, "बाबा, वजन किती धरू?" मी पंच्याहत्तर म्हणालो. मागून सौ. नुसतं "अं" म्हणाली. मुलीने न विचारता खालची ओळ वाचली.

मग दिवाणखान्यात, एक कोपर भिंतीला टेकवून, हेल्मेट घालून मी बाइकवर बसलो. मुलीने फोर्क किती दबला ते दाखवणारी रबरी कडी खाली सरकवली आणि पट्टी घेऊन बसली. "बाबा, हलू नका. उड्या मारत उतरू नका. अलगद." अलगद उतरणं हा शब्द माझ्या गुडघ्यांच्या कोशात नाही. मी उतरायचो, कडी कुठल्या कुठे सरकलेली असायची, की पुन्हा बसा. पंप काढताना फुस्स होतं ती हवा पंपाच्या नळीतली असते, फोर्कमधली नाही, हे मॅन्युअल तीन भाषांत सांगतं. तरी दर फुस्सला काळजात धस्स होतंच.

फोर्कच्या तळाशी एक लाल खुंटी असते. तिच्या एका बाजूला सशाचं चित्र, दुसऱ्या बाजूला कासवाचं. दबलेला फोर्क किती चपळाईने वर यावा, ते इथे ठरतं. शर्यत कोण जिंकलं हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून हात आपोआप कासवाकडे वळतो. तर तसं नाही. फार कासव केलं तर पहिल्या दगडाला दबलेला फोर्क वर यायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि शेवटी फोर्क दबलेलाच राहतो. फार ससा केलं तर बाइक आपल्याला उडवून लावते. गोष्टीत नसलेला तिसरा प्राणी इथे हवा होता.

इतकं सगळं हाताने होण्यासारखं होतं, म्हणून झालं. खरं घोडं अडलं ते अपडेटपाशी.

बॅटरी आली तेव्हा ढिम्म. बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. ती प्रवासासाठी झोपवलेली असते आणि चार्जर लावल्याशिवाय उठत नाही. विमानाने एकट्या पाठवायच्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत, त्यामुळे कारखान्यातून निघताना तिला अर्धपोटीच ठेवायची पद्धत आहे. तिला उठवली. मग अ‍ॅप. अ‍ॅपला आधी खातं हवं, खात्याला ईमेल, ईमेलला कोड, आणि पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मग माझी जन्मतारीख, उंची आणि पुन्हा एकदा वजन. (या वेळी मागून "अं" आलं नाही, पण मान वळलेली जाणवली.) मग लोकेशनची परवानगी. सायकल तीन फुटांवर भिंतीला टेकलेली, मी समोर उभा, आणि अ‍ॅप विचारतंय आपण कुठे आहात! याला खरंच कारण आहे. आसपासच्या ब्लूटूथ वस्तूंवरून माणसाचा ठावठिकाणा लागू शकतो, म्हणून अँड्रॉइडच्या ६ पासून ११ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये ब्लूटूथने काही शोधायचं तर लोकेशनची परवानगी द्यावीच लागते. माझा फोन त्यातलाच. आपल्या सायकलला आपण सापडावं म्हणून आधी जगाला सापडायचं.

अपडेट एक नसतं. मोटरचं वेगळं, बॅटरीचं वेगळं, डिस्प्लेचं वेगळं, आणि हँडलवरच्या चार बटणांचंसुद्धा वेगळं. प्रत्येकाची आवृत्ती निराळी आणि प्रत्येकाचा मान ठेवावा लागतो. शिवाय सूचना: फोन जवळ धरा, अ‍ॅप उघडं ठेवा, स्क्रीन लॉक होऊ देऊ नका, बाइक बंद करू नका, कोणतंही बटण दाबू नका. आता गंमत बघा. काही मिनिटं हालचाल झाली नाही की आमचा डिस्प्ले वीज वाचवायला आपणहून बंद होतो. तो जागा ठेवायचा तर बटण दाबावं लागतं, आणि बटण दाबायचं नाही. ज्याने एक नियम लिहिला आणि ज्याने दुसरा, त्या दोघांची कधी भेट झालेली नसावी.

मी देव पाण्यात घालून बसलो. ८७ टक्क्यांना मेहुण्यांचा फोन आला. "काय दाजी, मारली का चक्कर?" मी फोन कापला, तरी व्हायचं ते झालं. अपडेटची पट्टी शून्यावर. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर पलीकडून अत्यंत मृदू आवाजात विचारणा झाली, "सर, आपण अ‍ॅप अपडेट केलंय ना?" म्हणजे अपडेट करणाऱ्याचं अपडेट!

वाट पाहताना मी वाचत बसलो. ३१ डिसेंबर १८९५ रोजी ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन माणसाला विजेच्या सायकलचं पेटंट मिळालं. मागच्या चाकात मोटर, फ्रेमला टांगलेली बॅटरी. बसा आणि निघा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जुन्या दणकट सायकली डोंगरावरून सोडणारी मंडळी होती. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. मला त्यांचा हेवा वाटला. हात काळे होत होते, पण आधी उतार तर मिळत होता.

अपडेट झालं एकदाचं. काय बदललं? 'किरकोळ दोष दूर केले. चालवण्याचा अनुभव सुधारला.' न चालवलेल्या सायकलचा अनुभव सुधारल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. सौ. इतका वेळ पाहत होती. ती म्हणाली, "पण पायडल मारलं तर ही तशीही चालते ना?" चालते. मोटर बंद ठेवूनही चालते. पायांना आवृत्ती नसते. पण हे तिने आधी सांगायला हवं होतं.

आणि पहिली चक्कर? तीही डोंगरावर नाही. डिस्क ब्रेक नवे असताना नीट धरत नाहीत. ब्रेक पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. त्यासाठी सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबत वेग उतरवायचा, पण चाक अडू द्यायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा दाबायचा. घरासमोरच्या गल्लीत मी हेच करत होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात, मग एकदम हळू, मग वळून परत. कठड्यावर बसलेली पोरं मान इकडून तिकडे फिरवत होती. त्यातल्या एकाने शेवटी विचारलं, "काका, सारखं थांबायचंच होतं तर मोटरवाली कशाला घेतली?"

उत्तर देणार होतो, पण वेग नेमका पंचवीसवर आला होता. ब्रेक दाबायची वेळ झाली.