दोन दिवस, अठरा इनिंग, एक रन

आमची बाल्टिमोरची बेसबॉल टीम, ओरिओल्स, २०२४च्या प्लेऑफमधून, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीतून, बाहेर. मंगळवारी १-०, काल २-१, दोन्ही मॅच घरच्या मैदानावर, आणि बाल्टिमोरचा ऑक्टोबर दोन तारखेलाच आटोपला. समोर कोण? कॅन्सस सिटी रॉयल्स. गेल्या वर्षी १०६ मॅच हरलेली टीम.

आता सगळे तज्ज्ञ तेच पालुपद लावतील, की तीन मॅचची सिरीज (दोन जिंकल्या की संपली) म्हणजे लॉटरी, खरं काय ते सीझनच्या १६२ मॅचमध्ये दिसतं. गेल्या वर्षी मी हे ऐकून घेतलं. १०१ मॅच जिंकून आलो होतो, टेक्सासनं सलग तीन हरवून घरी बसवलं आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनलही, तेच जिंकले. म्हटलं, चला, निदान चॅम्पियनकडून हरलो. यंदा मात्र त्या १६२ मॅचमध्येच सगळं दिसत होतं. जुलैतल्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत ५८ जिंकल्या, ३८ हरल्या. त्यानंतर ३३-३३. याला लॉटरी म्हणत नाहीत.

पिचिंगला, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांना, तर नावं ठेवायची सोयच नाही. ब्रॅडिश, मीन्स, वेल्स तिघांच्याही कोपराची ऑपरेशनं झालेली, बाउटिस्टा वर्षभर बाहेर, आणि तरी दोन मॅच मिळून दिले किती, तर तीन रन. बर्न्सनं मंगळवारी आठ इनिंग खेचल्या, एकच रन दिला आणि हरला. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, बोलरनं समोरच्यांना साठात गुंडाळावं आणि आपण पन्नासात ऑल आउट व्हावं, तशी गत.

कालची पाचवी इनिंग काही डोक्यातून जात नाहीये. आमच्या मलिन्सनं होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा) ठोकून १-१ केलं आणि कॅमडेन यार्ड्समध्ये, आमच्या मैदानात, एकदाचा जीव आला. मग बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर आमचे रनर, बॅटिंगला काउझर, समोर रॉयल्सचा पिचर झर्पा. बॉल आत आला, इतका आत की थेट हातावर बसला. पोरगा नुसता उभा राहिला असता तर अंगाला बॉल लागला म्हणून फुकटचा रन, आणि आपण २-१ पुढे. पण त्यानं बॅट फिरवली होती. बॅट फिरली की स्ट्राइक, मग बॉल कुठेही लागो. रन गेला, तिसरा स्ट्राइक म्हणून स्ट्राइकआउट झाला, वर हाताचं हाड मोडलं ते वेगळंच. मागोमाग रचमनचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, इनिंग खलास. पुढच्याच इनिंगमध्ये रॉयल्सच्या विट ज्युनियरनं इनफिल्डच्या, म्हणजे बेसच्या आतल्या भागाच्या, बाहेरही न गेलेल्या हिटवर रन काढून घेतला.

काउझर यंदा रुकी, म्हणजे नवखा, आहे, त्याला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. माझा राग आहे तो अख्ख्या टीमनं होमरनच्या नादी लागण्यावर. सीझनभरात २३५ होमरन, त्यातले सांतांदेरचे एकट्याचे ४४. बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण प्लेऑफमध्ये रेगन्स, लुगो असे पिचर समोर आले आणि होमरन आटले, की आपल्याकडे दुसरा धंदाच नाही. रॉयल्सनी काय मोठे तीर मारले? मिळाला तिथे एकेक रन उचलला, बस.

आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "अरे, काल सर्वपित्री होती, पितृपक्षात कसलं यश येतंय?" कॅलेंडर काढून बघितलं तर गेल्या वर्षीच्या तिन्ही हारासुद्धा पितृपक्षातल्याच. तेच पंचांग रॉयल्सनाही लागू होतं, पण आईशी कोण वाद घालणार!

२०१४ पासून प्लेऑफच्या सलग दहा मॅच हरलोय. शेवटची वर्ल्ड सिरीज १९८३ची. जनरल मॅनेजर माईक इलायसनं ११० मॅच हरणाऱ्या टीमची दोन वर्षांत १०१ जिंकणारी टीम केली, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण घरची पोरं घडवून दारापर्यंतच येता येतं, हे दोनदा दिसलं. आता बर्न्सचा करार संपला, सांतांदेरचाही. रुबेनस्टाइनसाहेब, तुम्ही मार्चमध्ये टीम घेतलीत, तुम्ही बाल्टिमोरचेच, पैशाला तोटा नाही. बर्न्स गेला तर पुढच्या वर्षी 'पोरं अजून लहान आहेत' हे ऐकून घेणार नाही.

शनिवारपासून याच रॉयल्सची गाठ न्यूयॉर्कच्या यांकीजशी आहे. सकाळपासून मला सांत्वनाचे मेसेज धाडणाऱ्या न्यू जर्सीकर मित्रांनो, विट ज्युनियर निघालाय तुमच्याकडे.