वंशावळ आडनावावरून नाही, सर्व्हे नंबरावरून शोधा

पाटील, म्हात्रे, भोईर, मढवी, ठाकूर. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कुठल्याही गावठाणात शिरा, हीच आडनावं भेटतील. म्हणूनच वंशावळ शोधताना त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. जुन्या कागदात तर आडनाव असतंच असं नाही. तिथे माणूस ‘गोमा बिन पदू’ असतो, म्हणजे पदूचा मुलगा गोमा. तरीही लोक शोध सुरू करतात तो आडनाव इंटरनेटवर टाकून, आणि कुणीतरी बनवलेला राजघराण्यापर्यंत जाणारा तक्ता घरात फ्रेम करून लावतात. माझं स्पष्ट मत आहे: ज्या तक्त्यातल्या प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीमागे एक कागद दाखवता येत नाही, ती वंशावळ नाही, ऐकीव गोष्ट आहे.

ठाणे जिल्ह्यात शोधाची खरी दोरी एकच, जमीन. माणसाचं नाव बदलतं, बिघडतं, दोन पिढ्यांनी पुन्हा येतं. शेत जागेवर राहतं. म्हणून सुरुवात करा गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर–हिस्सा नंबर या दोन गोष्टींपासून. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर घरातली जुनी शेतसाऱ्याची पावती, खातेउतारा (८-अ) किंवा गावच्या सहकारी सोसायटीच्या शेतीकर्जाचा कागद शोधा. यातल्या एकावर तरी तो सापडतो.

आता सातबारा. संगणकावरचा आजचा उतारा या कामाला पुरत नाही. हवेत ते हस्तलिखित जुने सातबारे. त्यात नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक, म्हणजे नोंदीत झालेल्या बदलाचा क्रमांक. ज्या नावाभोवती कंस आहे, ते कमी झालेलं नाव. कंसातला माणूस कोण आणि कधी गेला हे त्या क्रमांकाच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिलेलं असतं: अमुक मयत, वारस मुलगा अमुक, विधवा अमुक. तो फेरफार काढा, त्याच्या आधीचा सातबारा काढा, त्यावरचा आकडा बघा, पुन्हा मागे जा. असं एकेक पायरी उतरत १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर जेव्हा त्या गावात नोंदी सुरू झाल्या तिथपर्यंत पोचता येतं. सातबाऱ्याचं ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होई आणि प्रत्येक वेळी कंसातली नावं गळून पडत, म्हणून मधला एक जरी उतारा सोडला तरी साखळी तुटते.

दोन संक्षेप ओळखायला शिका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचं नाव दिसतं, बाकीचे भाऊ त्याच्या मागे लपलेले असतात. ज्या फेरफाराने हे अक्षर कमी झालं, त्यात सगळे भाऊ आणि त्यांची मुलं ओळीने सापडतात. एका घराण्याची तीन घराणी कधी झाली हे तिथेच कळतं. दुसरा ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक. तिथे बहुतेक वेळा आईचं किंवा चुलत्याचं नाव असतं, आणि बाप मुलं लहान असतानाच गेला हा अर्थ आपोआप निघतो.

सर्वांत जास्त होणारी चूक अशी, की फेरफाराची तारीख हीच मृत्यूची तारीख धरली जाते. वारसनोंद कित्येकदा माणूस गेल्यावर पंधरा-वीस वर्षांनी, कर्ज काढायचं किंवा वाटणी करायची तेव्हा झालेली असते. त्यामुळे तक्त्यावर ‘मृत्यू १९४३’ लिहू नका, ‘१९४३ पूर्वी’ लिहा. दुसरी चूक नातवाला आजोबाचं नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे होते. पदू गोमा, मग गोमा पदू, मग पुन्हा पदू गोमा. दोन वेगळे पदू गोमा एकच समजून दोन पिढ्या गायब होतात. म्हणून दोन नोंदींमध्ये साठ-सत्तर वर्षांचं अंतर दिसलं की थांबायचं, दोघांच्या बायकांची नावं वेगळी आहेत का ते बघायचं.

‘आमच्या नावावर जमीनच नव्हती’ म्हणून शोध सोडणाऱ्यांसाठी हे खास. मुरबाड, शहापूर, भिवंडीत कुणबी, आगरी, ठाकूर कुटुंबं मोठ्या प्रमाणात कुळं होती, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसत होती. मालकाच्या रकान्यात ती दिसणार नाहीत. ती दिसतात इतर हक्काच्या रकान्यात आणि पीकपाहणीत, म्हणजे गाव नमुना १२ मध्ये, कसणाऱ्याच्या नावाखाली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं त्या दिवसानंतर, कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली (कुळाने द्यायची किंमत ठरवण्यासाठी) जी प्रकरणं चालली, त्यांच्या फाईलमध्ये कुळाचा जबाब असतो: बाप कोण, जमीन किती वर्षं कसतो, भाऊ किती. सामान्य शेतकऱ्याचं इतकं बोलकं वर्णन दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात नसेल. ही फाईल तहसील कार्यालयाच्या कूळकायदा शाखेत किंवा अभिलेख कक्षात मागायची.

नवी मुंबईकरांची अडचण वेगळी. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, जमिनीचं संपादन झालं, आणि नंतरचा सातबारा काढला की वर सिडको किंवा सरकार. तिथेच माणसं हात टेकतात. वास्तविक ज्या फेरफाराने संपादन नोंदलं, तोच तुमचा दरवाजा. त्यावरून भूसंपादनाच्या निवाड्याचा क्रमांक मिळतो. निवाड्यात सर्व्हे नंबरनिहाय खातेदार, क्षेत्र आणि भरपाई लिहिलेली असते. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या फाईलमध्ये वारस दाखले जोडलेले असतात, त्यामुळे १९७० नंतरच्या दोन-तीन पिढ्या तिथे एकगठ्ठा मिळतात. पण त्या वारसयादीवर डोळे मिटून विश्वास नको. ती भूखंडासाठी केलेली यादी आहे, त्यामुळे कुणाचं नाव राहून गेलेलं असू शकतं, आणि ज्याची जमीनच त्या संपादनात नव्हती ती शाखा तर त्यात येतच नाही.

तालुका आणि जिल्हा बदलल्यामुळे फुकट जाणारे हेलपाटे वेगळेच. खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल तालुक्यातली गावं. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात गेलं, आणि १९८१ पासून कुलाब्याचं नाव रायगड. कर्जत १८९१ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात गेलं. म्हणून १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये (खंड १३ आणि १४) पनवेल-कर्जतची माहिती आहे. जुन्या कागदात शहापूरच्या जागी कोळवण, कर्जतच्या जागी नसरापूर, ठाण्याच्या जागी साष्टी दिसेल. अंबरनाथ, बदलापूरकडच्या गावांचे जुने कागद कल्याण तालुक्याच्या नावाने असतात. वाडा, जव्हार, मोखाडा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. अर्ज करण्यापूर्वी आपलं गाव त्या वर्षी कोणत्या तालुक्यात होतं हे कागदावर लिहून घ्या. चुकीच्या तालुक्यात ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ कागद नाही असा होत नाही.

१८१८ च्या मागे जायचं तर ठाण्याची खाडी ही सीमारेषा धरा. ठाणे मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर ते इंग्रजांकडे गेलं. खाडीपलीकडचं बेलापूर, कल्याण पेशवाई संपेपर्यंत मराठ्यांकडे. त्यामुळे घोडबंदर किंवा माजिवड्याच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आधीसाठी मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे जायचं आणि घणसोली, तुर्भे किंवा टिटवाळ्याच्या घराण्याने पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे. खरं सांगायचं तर साध्या रयतेचं नाव इतक्या मागे मिळणं अवघड. पाटील, चौगुला, कुलकर्णी, देशमुख, वतनदार आणि इनामदार यांची नावं मिळतात, बाकीच्यांच्या गावाचा वसूल मिळतो. तेही कमी नाही.

मोडी लिपी शिकायलाच हवी, निदान नावं वाचण्यापुरती. गाव पातळीवरचे कितीतरी कागद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, अनुस्वार गाळतात. त्यामुळे आपलं नाव शोधण्याआधी गावाचं नाव आणि ‘बिन’ हा शब्द ओळखायचा सराव करा. ‘बिन’च्या दोन्ही बाजूंना नावं असणारच. जाणकाराकडून वाचून घेतलंत तर लिप्यंतर ओळीला ओळ मागा, नुसता सारांश घेऊ नका. सारांशात तुम्हाला हवी ती जात आणि हवं ते नाव ‘सापडतं’.

सनांचा गोंधळ तर रोजचाच. शके असेल तर ७८ मिळवा. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने लिहितात. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५७. त्यात ५९९ मिळवले की १७५६. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून ते १७५६-५७ असं जोडीने लिहायचं.

जमिनीनंतर दोन कागद महत्त्वाचे. पहिला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची गावनोंद. बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण. कारण बहुतेक ‘ताप’, कधी ‘पटकी’ (कॉलरा), कधी ‘देवी’ (देवीचा रोग). १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या काळातली पानं उपलब्ध असतील तर ती नक्की बघा, घराणी का तुटली ते उमगतं. दुसरा शाळेचा जनरल रजिस्टर. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली, त्याआधी शाळा लोकल बोर्डाच्या होत्या. आज गाव महापालिकेत असेल तर जुना रजिस्टर पालिकेच्या शाळेत आहे की केंद्रशाळेत, ते मुख्याध्यापकांना विचारा. त्यातली १ जून ही जन्मतारीख खरी मानू नका. प्रवेश मिळावा म्हणून गुरुजींनी घातलेली ती सोयीची तारीख असते. मात्र वर्ष साधारण बरोबर असतं.

इथे एक गोष्ट मनापासून खटकते. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तो एक कागद मिळाला की शोध थांबतो आणि बाकीची नक्कल कचऱ्यात जाते. जातपडताळणी गरजेची आहेच. पण त्याच रजिस्टरमध्ये पुढच्या-मागच्या पानांवर तुमची आत्या, चुलत आजोबा आहेत. परवानगी मिळाली तर वर्षभराची पानं बघून घ्या, त्यासाठी पुन्हा अर्ज करायला लागू नये.

अर्ज नेमका हवा. ‘माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज परत येतो. गाव, तत्कालीन तालुका, नमुना क्रमांक, सर्व्हे–हिस्सा नंबर किंवा फेरफार क्रमांक, आणि पाच-दहा वर्षांचा टप्पा लिहा. एका अर्जात एकच नमुना मागा. ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने उतारे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, आधी तिथे बघा. तिथे गावाचं नाव वेगळ्या शुद्धलेखनाने असू शकतं, म्हणून यादी वरून खालपर्यंत चाळा. मोजणीचे कागद, म्हणजे टिपण, गुणाकार बुक, आकारफोड (नंबराचे हिस्से आणि त्यांचा आकार दाखवणारं पत्रक), तहसीलमध्ये नसतात. ते भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. नंबर जुना आणि नवा वेगळा निघाला तर आकारफोड पाहिल्याशिवाय पुढे सरकू नका. क्षेत्र जुळवून बघा: ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा. जुन्या उताऱ्यावरचे आणे दशांश समजून वाचले की शेत दुसऱ्याच घराण्याचं वाटायला लागतं.

सरकारी कागदांबाहेर एक मोठा साठा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांचा. तिथे विचारताना आडनावाबरोबर मूळ गाव आणि जुना तालुका सांगा, नाहीतर हजार पाटील निघतील. तिथल्या नोंदीत आलेल्या यात्रेकरूने भाऊ, मुलगे, कधी चुलते सांगितलेले असतात. तो माणूस अस्थी घेऊन आला होता असं असेल, तर फेरफारात न मिळणारी मृत्यूची जवळची तारीखही तिथे मिळते. ठाण्या-वसईकडच्या ख्रिस्ती घराण्यांसाठी हेच काम चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या करतात.

आता बायकांबद्दल. बहुतेक तक्त्यांत त्या नसतातच, आणि मग दोन पदू गोमा वेगळे कसे करणार? लग्नात नाव बदललं की एकच बाई दोन नावांनी येते, माहेरच्या शाळेत एक आणि सासरच्या सातबाऱ्यावर दुसरं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारसनोंदीत मुली यायला लागल्या. त्यानंतर भावांनी करून घेतलेली हक्कसोडपत्रं दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली आहेत. त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि गाव असतं. ज्या कागदाने तिचा हक्क गेला, त्याच कागदात तिचा पत्ता जपला गेला आहे. त्या गावांना फोन करा. तिकडच्या आत्या-मावश्यांकडे जुन्या लग्नपत्रिका असतात, आणि पत्रिकेतली ‘कै.’ लावलेली नावं व निमंत्रकांचा क्रम म्हणजे त्या वर्षीची घराण्याची यादीच.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. वाशीचा खाडीपूल झाला (१९७३) त्याआधी की नंतर, सिडकोचे मोजणीवाले आले तेव्हा शेत कोण कसत होतं, खारीचा बांध फुटला तेव्हा घरात कोण कोण होतं, असं विचारा. शेतांची नावं विचारा, मिठागर कुणाचं होतं ते विचारा, कुलदेवीचा मान कुठल्या घराकडे ते विचारा. मोबाईल रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात म्हणा, कारण फाईलचं नाव पुढे बदलतं. आणि मिळालेल्या प्रत्येक नकलेच्या मागे पेन्सिलीने लिहा: कुठल्या कार्यालयातून, कुठल्या तारखेला, कोणत्या अर्जाने.